कारवीची ओळख

पावसाळा सरत आला कीं सह्याद्रीच्या उतारांवर नाना रंगांचीं रानफुलें उमलतात. परंतु त्यांत कारवीची रीत निराळी आहे. हें झुडूप सात वर्षें केवळ पानांनीं वाढतें आणि आठव्या वर्षीं, आयुष्यांत एकदांच, फुलतें. यास्तव निळ्या फुलांवरूनच कारवी ओळखूं पाहणारास पुष्कळ वाट पाहावी लागेल. एरवीं तिची ओळख खोडापानांवरूनच पटते.

कारवीच्या काठ्या सरळ, दाटीनें उभ्या असून माणसाच्या उंचीहून वर जातात. पानें समोरासमोर, जोडीजोडीनें येतात. तीं मोठीं, दोन्ही टोकांस निमुळतीं, कडेस दांतेरी आणि हातास खरखरीत लागणारीं असतात. फुलें निळसर-जांभळीं, घंटेच्या आकाराचीं, कणसासारख्या तुऱ्यांत धरतात. तुऱ्यावर चिकट लव असते व त्याला उग्र वास येतो. साधारणतः ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत बहर चालतो आणि मधमाश्यांची तेथें झुंबड उडते.

हिचें घर म्हणजे डोंगराचा चढ. तेथें ती मैलोगणती दाट जाळी करते आणि मुसळधार पावसांत उतारावरची माती धरून ठेवते. कासच्या उघड्या पठारावर दिसते ती बहुधा टोपली कारवी. ती ठेंगणी, उपड्या टोपलीसारखी असून सात वर्षांनीं फुलते. ह्या दोघींची गल्लत पुष्कळदां होते.

डोंगरांतील लोक कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमाती लिंपतात. अशा भिंतींचीं घरें कोंकणांत व मावळांत पिढ्यान् पिढ्या उभीं राहिलीं.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत २००८, २०१६ आणि २०२४ सालीं कारवी फुलली. इतर डोंगरांवर बहराचीं वर्षें वेगळीं असूं शकतात. बहर संपल्यावर फळें धरतात आणि झुडूप वाळून मरतें. वाळलेलीं फळें पुढल्या पावसाच्या पहिल्या सरींनीं तडतडून फुटतात व बिया दूर उडतात. पुढची पिढी सर्वस्वीं ह्याच बियांवर अवलंबून असते. म्हणून बहराच्या वर्षीं हौसेनें तोडलेल्या तुऱ्याची भरपाई पुढल्या वर्षीं होत नाहीं. मेलेलें झुडूप पुन्हां फुलत नाहीं. बहर पाहावयास जाणारांनीं पायवाट सोडूं नये आणि फुलें झाडावरच राहूं द्यावींत.