हमी नाकारण्याचा पुरावा कोणी द्यायचा?

कर्ज काढून घेतलेली गाडी पहिल्याच वर्षी बंद पडली की चालकाला हमीपत्राची आठवण होते. अल्टरनेटर जळालेला असतो. विक्रेत्याच्या वर्कशॉपमधला माणूस बॉनेट उघडतो, बाहेरून बसवून घेतलेल्या दिव्यांची वायर त्याच्या नजरेस पडते आणि हमी रद्द झाल्याचे तो तिथल्या तिथे सांगून टाकतो. तपासणी संपली म्हणायची. वस्तुतः ती सुरूही झालेली नसते.

जोड दिलेल्या वायरीमुळे भार वाढून अल्टरनेटर जळला असेल, तर त्याचा खर्च कंपनीने का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच दिव्यांकडे बोट दाखवून गिअरबॉक्सची, सस्पेन्शनची, किंबहुना साऱ्या गाडीची हमी नाकारली जाते, तेव्हा तो व्यवहार राहत नाही, अरेरावी होते. दिव्यांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध सिद्ध कोणी करायचा, हा या वादाचा गाभा आहे.

भांडवलशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेने याचे उत्तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने दिले. कंपनी आपल्याच छापाचे सुटे भाग विकत घेण्याची अट हमीला जोडू शकत नाही. त्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनची खास सूट लागते. बाहेरच्या भागामुळे झालेल्या बिघाडापुरतीच हमी नाकारता येते, आणि तसे झाल्याचे कंपनीने दाखवावे लागते. कायद्याने कंपन्या सुधारल्या, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. बाहेरचे भाग वापरल्यास हमी जाईल, असे ग्राहकांना बजावल्याबद्दल हार्ले-डेव्हिडसनवर याच कमिशनला जून २०२२ मध्ये कारवाई करावी लागली. सत्तेचाळीस वर्षांनंतर!

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याचा तो मामला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, सदोष कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. तो आदेश दुरुस्तीपुरता होता, बाहेरून बसवलेल्या वस्तूंविषयी नव्हता. तरी त्यातले तत्त्व इथेही तितकेच लागू पडते.

चालकाची बाजू नेहमीच निर्दोष असते, असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले आहे. सीएनजी किट बसवले तर त्याची नोंद आरटीओकडे झालीच पाहिजे. मात्र बदल बेकायदा होता की नाही, हा एक प्रश्न. बिघाड त्यामुळे झाला की नाही, हा दुसरा. विक्रेते या दोहोंची सोयीस्कर सरमिसळ करतात.

ग्राहकांचे गाऱ्हाणे म्हणजे मध्यमवर्गाचे दुखणे, असे मानून पुष्कळ कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात. ही चूक आहे. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी गाडी घेणारा चालक कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे. तो राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो, आणि दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला लावले जाऊ शकते. एकट्या चालकाचा धीर इथे सुटतो. ही रक्कम संघटनेने उभी करावी.

त्याआधी दोन कामे वर्कशॉपमध्येच उरकावी लागतात. हमी कोणत्या कारणाने नाकारली, हे जॉबकार्डावर लेखी मागून घ्यावे. आणि जळालेला अल्टरनेटर तिथे सोडून येऊ नये. एकदा तो भंगारात गेला की प्रयोगशाळेकडे पाठवायला हाती काही उरत नाही.