भिंतीतले फडताळ आणि पायांवरचे कपाट

लातूरकडच्या जुन्या दगडमातीच्या घरात कपाट कोठे ठेवावे, हा प्रश्न गृहिणीला सहसा पडत नसे. भिंतच चांगली दोन हात रुंद! तिच्यात फडताळ काढावे, लाकडी चौकट व दोन झडपा बसवाव्या, की काम झाले. कोनाड्यात दिवा, फडताळात लोणच्याची बरणी आणि खातेवह्या. भिंतीच्या पोटातच संसार साठविण्याची ती रीत होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच भिंती माणसांवर कोसळल्या. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काही नव्हते. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील भिंती बारीक, आणि बारीक भिंतीत फडताळ मावत नाही. भिंतीतला संसार बाहेर आला, तो कपाटात शिरला. मग हे कपाट असावे कसे?

या प्रश्नाचा विचार डेन्मार्क देशात फार बारकाईने झाला. तेथील कारे क्लिंट यांनी १९२४ पासून कोपनहेगनच्या कला अकादमीत लाकडी सामानाची रचना शिकविली. घरात बशा किती, सदरे किती, घडीची रुंदी किती, हे आधी मोजावे, आणि मग कपाटाला माप द्यावे, हा त्यांचा धडा. आपल्याकडे बहुधा उलट होते. कपाट आधी येते व वस्तू त्यात कोंबल्या जातात. क्लिंट यांचे शिष्य बोर्गे मोगेनसेन यांनी १९४२ पासून तेथील सहकारी संस्थेसाठी सामान्य कुटुंबांना परवडेल असे साधे सामान रचले. पुढे डेन्मार्कची जी कपाटे जगभर गाजली, त्यांतील पुष्कळशी सागवानी होती. साग त्या थंड देशात उगवत नाही. तो आशियातूनच गेला. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या रानात मात्र तो आपल्या उशालाच उभा आहे.

लाकूड कापले तरी त्याचा स्वभाव जात नाही. पावसाळ्यात ते रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून जाणता सुतार दाराची रुंद फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवितो. ती सर्व बाजूंनी खिळ्यांनी जखडली, तर वैशाखात तडकते.

डेन्मार्कचे ते कपाट बहुधा ठेंगणे, चार पायांवर उभे. खालून केरसुणी सहज फिरते. हा ठेंगणेपणा आपल्या भागात आणखी एका कारणाने मोलाचा आहे. उंच कपाट धक्क्याने पालथे पडते. उंच कपाट घेणेच भाग असेल, तर जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवाव्या, आणि कपाट लोखंडी पट्टीने भिंतीला पक्के जखडावे. निजण्याच्या जागेशेजारी तर ते मोकळे मुळीच ठेवू नये.

कोणाच्या घरी जुन्या फडताळाच्या सागवानी झडपा अडगळीत पडल्या असतील, तर त्या सरपणात घालण्यापूर्वी एकदा सुताराला दाखवाव्या. घरातील भांडी व कपडे मोजून त्याने त्यांचे बेताचे कपाट बांधले, तर आजीच्या हाताने उघडलेले दार नातीच्याही हाताने उघडेल. आणि या खेपेस त्याच्या मागे जीवघेणी भिंत नसेल.