तालमीतल्या मुली आणि आपण आया

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात आजवर मी पापड-लोणच्यांच्या विक्रीला बसले, हळदीकुंकवाची तयारी केली, पण उभे राहून बोलण्याची ही पहिलीच खेप. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा चूकभूल पोटात घालावी. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी कुस्ती खेळते, त्यावर दोन शब्द बोला." आपल्या गल्लीतल्या आणखी चार मुली या वर्षी तालमीत जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या आया इथे बसल्या आहेत. माझ्या हातून जे चुकले ते त्यांच्या हातून चुकू नये, एवढ्यासाठी बोलते.

कोल्हापूरकरांना कुस्ती काय सांगायची! शाहू महाराजांचे खासबाग मैदान १९१२ सालापासून आपल्या डोळ्यांसमोर आहे. आमचे मामंजी तालमीतले. पहाटे चारला उठून लाल माती फावड्याने उकरायची, नवख्याची पहिली मेहनत तीच. मग जोर, बैठका, दोर चढणे, करेला फिरवणे आणि शेवटी जोडीशी लढत. घरी सासूबाई पाट्यावर बदाम नि खसखस वाटून थंडाई तयार ठेवीत. पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी जन्मात पाऊल टाकले नाही. बाईमाणसाने तिकडे जायचे नाही, अशी रीत होती.

ती रीत आता मोडली. बायकांची कुस्ती २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये आली. २०१६ साली साक्षी मलिकने रिओहून ब्राँझ पदक आणले. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्याच्या आधीच आमची धाकटी हट्टाला पेटली होती. मामंजींचा फोटो भिंतीवर आहे. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबांची नात मी नाही का?" यजमानांना उत्तर सुचले नाही आणि मुलगी तालमीत गेली.

पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या वर्षी एका स्पर्धेसाठी तिचे नाव ५० किलोच्या गटात घातले. तिचे वजन होते ५४. त्या वेळी तिला जे शिकवीत होते ते म्हणाले, "खालच्या गटात सोपे जाईल, चार किलो काय, आठवड्यात उतरेल." मी हो म्हटले. भगिनींनो, पुढचे सांगताना मला लाज वाटते. मीच तिची भाकरी बंद केली. शेवटचे दोन दिवस पाण्याचा तांब्या मीच उचलून ठेवला. प्लॅस्टिकचा कोट घालून ती उन्हात पळत होती आणि मी शेजारणीला कौतुकाने सांगत होते, "पोरीची जिद्द बघा." काट्यावर वजन बरोबर भरले. पण कुस्ती सुरू होऊन मिनिट झाले नाही तोच तिच्या पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली नि ती मॅटवर बसली ती उठलीच नाही. तिला उचलून दवाखान्यात न्यावे लागले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न मला विचारला, "हिची पाळी वेळेवर येते का?" चार महिने आली नव्हती. मला ठाऊक होते. मी मनात म्हटले होते, बरे झाले, सरावात खोळंबा नाही. हे वाक्य स्मरणिकेत गाळू नका, असे मी चिटणीसबाईंना मुद्दाम सांगितले आहे, कारण असे मनात म्हणणारी मी एकटीच नसेन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर काटकसर करू लागते. आधी पाळी थांबवते, मग हाडे ठिसूळ होऊ लागतात, रक्त कमी होते. पाळी थांबणे ही अंगाने मारलेली हाक आहे.

पुढे तिला दुसऱ्या वस्तादांकडे घातले. त्यांच्याशी मी अर्धा तास बसून, शेवयांची कृती विचारावी तसे एकेक विचारून घेतले. ते थोडक्यात सांगते.

मातीतली जुनी कुस्ती चितपट होईपर्यंत चाले. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. तिची तयारीही निराळी लागते. आपले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्याच माणसाने ब्राँझ पदक मिळवले. जोर-बैठका चांगल्याच, त्यांनी दम वाढतो. पण शंभराच्या दोनशे केल्या म्हणून ताकद दुप्पट होत नाही. ताकदीसाठी वजन वाढवावे लागते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस मुली खांद्यावर लोखंडी बार घेऊन बैठका काढतात, जमिनीवरून वजन उचलतात. एका वेळी चार-पाचच, मध्ये चांगली विश्रांती, आणि वजन हळूहळू वाढवायचे. जोर काढताना आपण ढकलतो, कुस्तीत ओढायचेही असते. त्यासाठी मामंजींचा तो दोर आजही तितकाच उपयोगी आहे. मानेचा व्यायाम वेगळा. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देण्याचा सरावही वेगळा, कारण गुडघ्याचा आतला सांधेबंध तुटण्याची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. दमासाठी नुसते लांब पळणे पुरत नाही. थोडा वेळ जिवाच्या कराराने आणि मग थोडी उसंत, असेही करावे लागते.

मला सर्वांत नवल वाटले ते शेवटच्या आठवड्याचे. मी समजत होते, स्पर्धा जवळ आली की मेहनत वाढवायची. वस्ताद म्हणाले, कमी करायची. मेहनतीने अंग झिजते, ते भरून येते खाण्याने आणि झोपेने. झीज भरायला वेळच दिला नाही तर ताकद यायची कुठून?

आता खाणे आणि झोप, म्हणजे आपलेच खाते की नाही? एवढी मेहनत करणाऱ्या मुलीला दर किलो वजनामागे रोज साधारण दीड ग्रॅम तरी प्रथिने लागतात. ५४ किलोच्या मुलीला ८० ग्रॅम झाली. अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ, वाटीभर घट्ट आमटीत सहा-सात. मी घरी पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. माझ्या मुलीच्या ताटात चाळीसही भरेनात. आणि त्याच घरात तिच्या भावाला रोज दोन अंडी नि मोठा पेला दूध मिळत होते. तो तालमीत जात नाही, क्रिकेट बघतो. मुलगा वाढीचा आहे म्हणून देत होते. तो हिशेब पाहून मी त्या रात्री जेवले नाही.

वजनाच्या काट्याने मोठमोठ्यांना रडवले आहे. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगट एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली. रात्रभर तिने घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी सकाळी ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. आपण सगळ्यांनी हळहळ केली. पण त्याहून वाईटही घडलेले आहे. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजात कुस्ती खेळणारी तीन तरुण मुले घाम काढून वजन उतरवताना सव्वा महिन्याच्या आत दगावली. त्यानंतर तिथे नियम बदलले. आपल्या मुलींसाठी नियम बदलण्याची वाट कशाला पाहायची? घरचा नियम आपण आजच करू शकतो.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. मुलीचे नाव कोणत्या गटात घातले ते आईने विचारावे आणि उपास नि तहान काढून गट गाठायचा असेल तर सरळ नाही म्हणावे. वजन उतरवायचेच असले तर वेळ हाताशी ठेवून, आठवड्याला फार तर अर्धा किलो, आणि वाढत्या वयाच्या मुलीचे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दुसरे, भावाच्या ताटात जे पडेल ते बहिणीच्या ताटात पडावे. तिसरे, पाळी तीन महिने चुकली तर लपवू नये, डॉक्टरीणबाईंना दाखवावे. आणि चौथे, जी मुलगी पहाटे साडेचारला उठते तिला रात्री दहाला भांड्यांपुढे बसवू नये. भांडी मुलग्यानेही घासली तर तो काही झिजत नाही.

माझी मुलगी आता ५७ किलोच्या गटात खेळते. पहिल्या दोन कुस्त्या हरली. या वर्षी जिल्ह्यात तिसरी आली. पदक तिने मामंजींच्या फोटोला घातले. मला मात्र पदकापेक्षा त्या दिवशी कुस्ती संपल्यावर ती आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आली याचेच समाधान जास्त वाटले.

सासूबाई तालमीच्या उंबऱ्याबाहेर राहून पैलवान पोसत होत्या. आपल्याला आत जाऊन प्रश्न विचारण्याची मुभा आहे. ती वापरू या.