सौर गुहेतील तीन रात्री



मुलीला परगावी शिकायला पाठवायची भीती वाटते, असे अनेक पालक म्हणतात. त्यांच्यासाठी हे थोडेसे.

इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडताना पैगंबरसाहेब (स.) उत्तरेकडील मदीनेची वाट न धरता प्रथम दक्षिणेच्या सौर गुहेत तीन रात्री राहिले. शत्रू गुहेशी आले. हजरत अबू बक्र (र.) चिंतातुर झाले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना अल्लाह सोबत असल्याचा धीर दिला. न दिसणाऱ्या सैन्याची मदत आली, असे सूरह तौबा सांगते. (कोळ्याच्या जाळ्याची गोष्ट आपण आवडीने सांगतो, ती कुरआनात नाही.)

पण तयारीही पाहा! अबू बक्रांचा मुलगा रात्री बातम्या आणी, आमिर बिन फुहैरा मेंढ्या हाकून माग पुसून टाकी. वाटाड्या तर मुसलमानही नव्हता. तीन रात्रींनंतर, ठरल्याप्रमाणे, तो उंट घेऊन हजर झाला.