दिंडीकडे पाहताना



समाजशास्त्रातले सिद्धांत मला खरे उमगले ते वारीच्या वाटेवर. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

दिवे घाटाची चढण. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर हजारो पावलं पडताहेत. टाचा फुटल्यात, ऊन डोक्यावर आहे, तरी कुणी बसत नाही. हे बळ येतं कुठून? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मावर ग्रंथ लिहिला. माणसं एकत्र जमली की त्यांच्यात सामूहिक चैतन्य संचारतं आणि त्यातून समाज पुन्हा सांधला जातो, असं त्यांचं म्हणणं. समाजातली प्रत्येक गोष्ट समाज टिकवायला काय हातभार लावते, हे पाहणारी ही दृष्टी म्हणजे प्रकार्यवाद.

मग जेवणाची वेळ होते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहिलंय, की दिंडी एक, अभंग तेच, पण ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. मला हा त्या लेखातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण भक्तीत रमूनही त्यांची नजर तिथे अडली. दुर्खीमचं बोट धरून आलेल्या माणसाला इथे मार्क्सकडे वळावंच लागतं. या एकोप्यात कोणाचं फावतं? दाराबाहेर कोण उभं राहतं? संघर्षवादी दृष्टी हेच विचारते. मार्क्सचा भर वर्गावर होता. आपल्याकडे जातीला वगळून हा प्रश्न पुरा होत नाही. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. वारी तर त्याआधी कित्येक शतकं चालत होती.

तिसरी दृष्टी अमेरिकेतल्या जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या विचारातली. त्यांचे विद्यार्थी हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ मध्ये तिला प्रतीकात्मक आंतरक्रियावाद हे नाव दिलं. नाव जड आहे, पण गोष्ट दोन माणसांतली. सत्तरीचे एक आजोबा शाळकरी पोराच्या पायांवर डोकं ठेवतात, ‘माउली’ म्हणतात. पोरगं आधी बावरतं, मग वाकून त्यांच्या पाया पडतं. पुढच्या वळणावर पाणी देणाऱ्या बाईला तेच आपणहून ‘माउली’ म्हणतं. समोरच्याच्या नजरेतून आपण स्वतःला ओळखतो, हे मीड यांचं सांगणं त्या पोराच्या चेहऱ्यावर मी पाहिलं.

आजही मुक्कामावर पानं मांडली जाऊ लागली, की कोण कोणाशेजारी बसतंय, हे मी पाहत राहतो.