शेताची नोंद आणि यंत्राचा हिशेब



"फार्मर आयडी काढला, ई-पीक पाहणीत फोटोही टाकला. आता कुठेतरी ठेवलेल्या यंत्राला माझ्या शेतातलं काय कळणार, आणि कळून माझं काय होणार?" असा प्रश्न हल्ली पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी थोडे मागे जाऊ या, आपल्याच पुणे जिल्ह्यात.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने प्रिंगल नावाच्या साहेबाकडून जमिनीची पाहणी करवली. त्याची रीत अशी: जमिनीचे पीक किती ते काढायचे, मशागतीचा खर्च वजा करायचा, आणि उरेल त्यातले शेकडा 55 सरकारने घ्यायचे. 1830 साली इंदापूर तालुक्यात ही आकारणी लागू झाली. कागदावर हिशेब चोख होता. पण मोजणी चुकलेली, पिकाचे आकडे अंदाजपंचे, आणि कारकुनाचे हात ओले केले की भारी जमीन हलकी लागायची. त्यात धान्याचे भाव कोसळले. सूत्र मात्र हलेना. सारा भागेना, तेव्हा कुळे शेते टाकून निघून गेली. काही तर निजामाच्या मुलखात गेली. प्रिंगलसाहेब लबाड नव्हते बरं का. हुशार होते, आणि आपल्या हिशेबावर त्यांचा फार विश्वास होता.

मग 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी पुन्हा पाहणी सुरू केली. त्यांनी मातीचा रंग, पोत, खोली आणि दोष पाहून जमिनीच्या नऊ प्रती लावल्या, 16 आण्यांपासून 2 आण्यांपर्यंत. सारा उतरवला आणि 1836 पासून 30 वर्षांसाठी कायम केला. तुमच्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जे रुपये-पैसे दिसतात, त्यांचे मूळ या प्रतबंदीत आहे. 'पोटखराबा' हाही त्याच पाहणीचा वारस. आजोबांनी दगड वेचले, बापाने गाळ भरला, आज तिथे डाळिंब उभे आहे. तरी कागदावर ती जमीन खराब ती खराबच. कर्जाला धरत नाहीत, विम्याला धरत नाहीत. कोणा मोजणीदाराने घटकाभरात लिहिलेला शब्द चार पिढ्या पुरला!

आजचे यंत्र यापेक्षा वेगळे काय करते? तेच करते, फक्त फार वेगाने आणि सगळे एकत्र जोडून. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. 2025 च्या एप्रिलपासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. त्यात आधार, सातबारा आणि पीक एका धाग्यात ओवले जातात. या माहितीवर जे ठरीव गणित चालते, त्यालाच शिकलेले लोक अल्गोरिदम म्हणतात. नाव मोठे आहे, पण जात प्रिंगलच्या कोष्टकाचीच.

पीकविम्याचे उदाहरण घ्या. मंडळातील मागच्या 7 वर्षांपैकी चांगल्या 5 वर्षांची सरासरी काढतात. समजा ती हेक्टरी 10 क्विंटल आली. 70 टक्के जोखीमस्तराने उंबरठा उत्पादन 7 क्विंटल. यंदा 5 क्विंटलच पिकले, म्हणजे 7 मध्ये 2 ची तूट. भरपाई विमा रकमेच्या सुमारे साडेअठ्ठावीस टक्के. इथवर ठीक. पण लागोपाठ चार वर्षे दुष्काळ पडला तर? वाईटातली दोनच वर्षे वगळता येतात. उरलेली दोन सरासरीत शिरतात आणि उंबरठा खाली येतो. पुढच्या साली तेच 5 क्विंटल आले तरी तूट कमी भरते. जिथे दुष्काळ जास्त, तिथे आधार कमी! हे कोणी दुष्टपणाने केलेले नाही, पण सूत्राला दुष्काळ कळत नाही, सरासरी कळते. आता 2023 पासून भात आणि गव्हाच्या उत्पादनात उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही निदान 30 टक्के वजन दिले आहे. तो अंदाज कसा निघाला, हे बांधावरच्या माणसाला कोण समजावून सांगणार? हे चावडीवर मराठीत सांगितले गेले पाहिजे, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. ओळख क्रमांक सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. जो वाट्याने शेत करतो, जी बाई पहाटेपासून खुरपते पण जिचे नाव लागलेले नाही, ती माणसे या माहितीत नसतात. एका वर्षी ती अनुदानाच्या यादीत येत नाहीत. दहा वर्षांनी ती शेतकरी होती याचाच पुरावा राहत नाही.

नोंदी वाईट, असे मी म्हणत नाही. सातबारा मोबाईलवर आल्याने किती खेटे वाचले ते तुम्ही जाणताच. पण नोंद करून विसरू नका. पीक पाहणी स्वतः शेतात उभे राहून करा. चूक झाली तर 48 तासांच्या आत दुरुस्त करता येते. आंतरपीक असेल तर तेही लिहा. मयताचे नाव तसेच असेल तर वारस नोंद करून घ्या. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत 1992 पासून आहे. वर्ग 'अ' चा पोटखराबा लागवडीखाली आणला असेल, तर तो लागवडीलायक लावून घेण्याची तरतूद 2018 साली झाली आहे. त्यासाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि गावात पीककापणी प्रयोग होईल त्या दिवशी चार जण बांधावर जा. साधारण 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद चौकोन आखतात. दोर नीट ताणला का, वजन किती भरले, हे पाहा आणि आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. मंडळाचा आकडा जाहीर होईल तेव्हा ही वही काढा.