रोवणीची तारीख
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



"तू सॉफ्टवेअरमध्ये नेमकं करतेस काय?" हे सकाळपासून सात-आठ जणांनी विचारलं. म्हणून त्यातल्याच एका दुखऱ्या गोष्टीवर बोलते. आमच्याकडे प्रॉडक्ट मॅनेजर नावाचा माणूस असतो. ग्राहकाला काय हवं, कोणतं काम आधी घ्यायचं, हे तो ठरवतो. कोड आम्ही लिहितो. तो आमचा साहेब नसतो, तरी त्याच्या एका शब्दावर आमचे महिने जातात.

आपल्या बपेऱ्यात धानाची रोवणी गुत्त्याने देतात. माझे बाबा मात्र तारीख कधी एकट्याने धरत नसत. पऱ्हे किती दिवसांचे झाले, नहराला पाणी कधी येतं, किती बांध्यांची चिखलणी झाली, हे बघायचे आणि मग रोवणाऱ्या बायांमधल्या म्होरक्या बाईला विचारायचे, "किती दिवसांत उरकेल?" ती सांगेल तो आकडा. घासाघीस व्हायची ती पैशांवर, दिवसांवर कधी नाही.

पुण्यात नोकरीला लागल्यावर हा साधा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही. एकदा प्रॉडक्ट मॅनेजरने ग्राहकाला तारीख देऊन टाकली आणि मग आम्हाला कळवलं, "एक बटण तर वाढवायचंय!" त्या बटणामागे पैसे परत करण्याचा सगळा हिशेब होता. माझ्या टीममधला एक नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, कुणी दोनदा दाबलं तर पैसेही दोनदा जातील." ते सावरायला त्याने दोन आठवडे मागितले. मी टीम लीड होते. मी त्याला गप्प केलं. पहिल्याच रविवारी काही जणांच्या खात्यात दोनदा पैसे गेले. आम्ही तीन रात्री हिशेब जुळवत बसलो. चूक मॅनेजरची, असं मी बरीच वर्षं सांगत आले. तो निरोप खाली पोचवणारी मीच होते, हे सांगायला वेळ लागला.

पुढे एक वेगळी प्रॉडक्ट मॅनेजर भेटली. ती "हे बनवा" असं म्हणायचीच नाही. "दुकानदाराचा रात्री हिशेब लागत नाही, चिडतो," असं सांगायची आणि आमच्यातल्या दोघांना थेट दुकानात न्यायची. तिथे बसल्यावर कळलं, त्याला मागितलेला मोठा अहवाल नकोच होता. उधारी वेगळी दिसली की पुरे. दिवस कमी असतील तर ती काम कमी करायची. आम्हालाही नुसतं "होणार नाही" म्हणून सुटता यायचं नाही. मग काय होईल, ते सांगावं लागायचं.

ई-पीक पाहणीचं ॲप तर तुम्हीच वापरता. 15 ऑगस्ट 2021 पासून ते राज्यभर आलं. 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत आपली नोंद 48 तासांत आपणच दुरुस्त करायची सोय झाली. भर उन्हात, चिखलाच्या बोटांनी भलतंच पीक निवडलं जातं, हे बांधीत उभं राहिलेल्यालाच कळतं. अशी माणसं ठरवणाऱ्यांत हवीत, आणि कोड लिहिणाऱ्यांतही.

तो मुलगा मागच्या वर्षी भेटला. मी माफी मागितली. त्याला तो प्रसंग तारखेसकट आठवत होता.